चौथ्या मजल्यावरचा प्रसाद

शनिवार, ५ जुलै

देवा, हे पान तू वाचू नकोस. एरवी तुझ्यापासून मी काही लपवत नाय, पण आज मनात जे आलंय ते तुझ्या कामाचं नाय.

दुपारी भाऊजी आणि रत्नमाला आले होते. रत्नमाला म्हणजे माझी धाकटी जाऊ. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग बशी खाली ठेवून भाऊजी म्हणाले, "वहिनी, यंदापासून महालक्ष्म्या आमच्या फ्लॅटवर बसवू म्हणतो. तुम्हाला आता झेपत नाय."

सासूबाई होत्या तोवर महालक्ष्म्या गावी पिशोरला बसायच्या. त्या गेल्यावर थोरली सून म्हणून माझ्याकडं पुंडलिकनगरला आल्या. लेक मेघा बालवाडीत होती तेव्हापासून त्या माझ्या हातानं घरात येतात. आमच्या घरची रीत अशी की थोरल्या सुनेनं तुळशीपाशी पाटावर बसायचं, ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत धरायचा, धाकटीनं थोरलीच्या पायांवर दूधपाणी घालून हळदीकुंकू लावायचं. मग थोरलीनं उठायचं. मुखवटा खाली ठेवायचा नाय, जमिनीला हात टेकायचा नाय, कोणाचा खांदा धरायचा नाय. लक्ष्मी हातात घेऊन उठता आलं पाहिजे, एवढंच.

मागल्या वर्षी मी बसले ती उठलेच नाय. तीनदा जोर केला. शेवटी दोघींनी काखेत हात घालून ओढलं, तेव्हा मुखवटा कलला आणि लक्ष्मीची नथ गळून पडली. तेवढ्यात रत्ना म्हणाली, "एमआयडीसीतून क्रेन मागवा गं कोणीतरी!" मग काय, हसू आवरेना कोणाला. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो घरच्या ग्रुपवर फिरला. पिशोरच्या चुलतनणंदेनं हसून हसून रडणारी तोंडं पाठवली होती. ओळीनं.

आज मी म्हणाले, "भाऊजी, मला उठता आलं तर?"

रत्ना म्हणाली, "अक्का, उगं जिवाला त्रास कशाला? तुम्ही निवांत खुर्चीवर बसा, आल्यागेल्याला पानसुपारी द्या."

आमचे हे चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. म्हणाले, "बघू." बघू! बायकोची लक्ष्मी चालली आणि ह्यांचं बघू.

शेवटी ठरलं ते असं. गणपती बसेपर्यंत थांबायचं. माझं मला उठता आलं तर महालक्ष्म्या इथं, नाय तर तिच्या चौथ्या मजल्यावर, कायमच्या.

संध्याकाळी काट्यावर उभी राहिले. पंच्याऐंशी. रत्ना, मी नुसती उठणार नाय. तुझ्यापेक्षा बारीक होऊन उठणार आणि तेव्हा तुझं तोंड बघणार.

सोमवार, ७ जुलै

मेघा शेंद्र्याला कंपनीत जाते. तिच्या मोबाइलात सगळ्याची उत्तरं असतात. तिला विचारलं, सगळ्यात जास्त कॅलरी कशानं जळतात?

म्हणाली, "आई, तुझ्या भाषेत सांगते. खाल्लं ते जमा, हललीस तो खर्च. तुझी शिल्लक लई वाढलीय."

जन्मभर मी राखायला शिकले. दुधाची पिशवी विसळून ते पाणी कणकेत घालणारी बाई मी. आता म्हणे उधळायला शिका.

दोरीवरच्या उड्या, पळणं, पोहणं आणि जिने चढणं यांत सगळ्यात जास्त जळतं म्हणे. त्याखाली भरभर चालणं. ती म्हणाली, "तू चालण्यापासून सुरू कर. आणि खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस करत जा. मांड्यांत जोर आला की पाटावरून पण उठशील." जिमला नाव घालू का, असंही विचारत होती. मी म्हणाले, घाम फुकट येतो, त्याला फी कशाला?

शुक्रवार, ११ जुलै

सकाळी देवपूजा उरकून बागेत जाते. सोबत शेजारच्या मनकर्णाबाई असतात. त्या तिथल्या व्यायामाच्या सायकलवर बसून नुसत्या गप्पा मारतात आणि घरी जाऊन सुनेला सांगतात, व्यायाम करून आले.

मेघानं खूण सांगितलीय. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. तेवढा वेग ठेवायचा. मी रत्नाबद्दल बोलत चालते. तिचं नाव निघालं की पाय आपोआप उचलतात. मनकर्णाबाई मागून ओरडतात, "अगं आशा, जाऊ पुढं पळतीय का काय तुझी?"

दोरीपण करून पाहिली. मेघाची शाळेतली दोरी होती माळ्यावर. दोन उड्या मारल्या, तिसरीला गुडघ्यात कळ आली आणि फळीवरचा पितळी डबा खाली आला. हे धावत आले. "काय पडलं?"

"उड्या मारतेय."

ते म्हणाले, "खालच्या मजल्यावर आपणच राहतो ते बरंय."

दोरी परत माळ्यावर टाकली.

रविवार, २० जुलै

करमाडला ह्यांच्या मामेभावाच्या नातवाचं जावळ होतं. तिथं रत्ना आली, आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकत होत्या. गाल आत. बायका नुसत्या भोवती. "काय करतेस गं? आम्हाला पण सांग!"

ती म्हणाली, "काहीच नाय बाई. सगळं खाते. उलट भूक वाढलीय. माझं अंगच तसलं आहे."

हे ती माझ्याकडं बघून म्हणाली.

मी पंधरा दिवस भाताला शिवले नाय. उपासाला साबुदाणा सोडून भगर खाल्ली. पहाटे उठून चालते, दुपारी खुर्चीवरून ऊठबस करते, आणि माझं उतरलं दीड किलो. हिचं काही न करता? पंगतीत शेजारी बसली तर स्वतःचा तांब्या संपवून माझाही तांब्या उचलून घटाघटा प्याली. विचारलंसुद्धा नाय.

काहीतरी चोरून करते ही. जिमला जात असणार, आणि सांगायचं नाय म्हणून अंगाचं नाव पुढं करते.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. आज जिवतीची पूजा. पुरणाच्या पोळ्या करताना मला सुचलं. देवानं सुचवलं असं म्हणणार नाय, त्याला मधे घेत नाय मी.

आमच्या घराण्यात प्रसादाला कोणी नाय म्हणत नाय. सासूबाईंनी तशी शिस्तच लावली होती. ताप असो, पोट बिघडो, प्रसाद आला की दोन्ही हात पुढं. रत्ना हे पाळते. तेवढं एक तिचं चांगलं आहे.

आणि श्रावणात तर रोजच काहीतरी असतं.

पोळ्यांवर तूप सोडलं. आमच्या घरी तूप चमच्याच्या टोकानं वाढतात. आज डाव घेतला. मेघा बघतच राहिली. डबा फडक्यात बांधला आणि गारखेड्यापर्यंत चालत गेले. तिच्या बिल्डिंगखालून फोन केला.

"अक्का, लिफ्ट बिघडलीय हो. उद्या या नायतर."

"असू दे. चढते."

बोलत होते तोवर लिफ्टचं दार उघडलं आणि वॉचमन दुधाची पिशवी घेऊन बाहेर आला. मी फोन ठेवला. मला जिनाच पाहिजे होता. मोबाइलच्या यादीत जिना वर आहे.

चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. रत्नानं दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पाणी विचारलं नाय. मी डबा पुढं केला. "जिवतीचा प्रसाद."

तिनं दोन्ही हात पुढं केले. माझ्यासमोर दोन पोळ्या खाल्ल्या, तूप बोटानं निपटून.

उतरताना गुडघा दुखत होता, पण मन थंड होतं. माझ्या कॅलरी जिन्यावर, तिच्या ताटात.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. आज चिरायचं, तळायचं नाय म्हणून पुरणाचे दिंड उकडले. तिनं चार खाल्ले. काल सोमवारचे पेढे दिले होते तेही संपले म्हणाली.

मधे तिसऱ्या मजल्यावर बसावं लागायचं, आज नुसती कठडा धरून उभी राहिले. लिफ्ट अजून बिघडलेलीच आहे म्हणे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज मंगळागौरीचा शिरा घेऊन गेले. एवढा ऐसपैस फ्लॅट, पण स्वच्छतेच्या नावानं बोंब. पाय धुवायला बाथरूममध्ये गेले तर संडासाच्या भांड्याभोवती मुंग्यांची रांग. घरात साखर सांडली तर मुंग्या येतात हे ऐकलंय, संडासात कसल्या मुंग्या? पाणी ओतत नाय ही, दुसरं काय! आणि मी तिथं होते तेवढ्यात ती स्वतः दोनदा जाऊन आली. बाटली तर हातातून सुटत नाय. तीपण जिमचीच लक्षणं, मेघा म्हणते तिकडं सारखं पाणी प्यायला लावतात.

शिरा खाल्ला. वाटी चाटली.

माझी बातमी अशी की एक हात टेकून जमिनीवरून उठता येतंय. मेघानं टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "बरंय." आणि वर्तमानपत्र उलटलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीला सगळे आमच्याकडं. मी मुद्दाम काटा पुढच्या खोलीत ठेवला होता. म्हटलं, आता पोळ्या, दिंड, शिरा, पेढे, काहीतरी दिसेल. सगळ्यांनी हसतखेळत वजन केलं. माझं एकोणऐंशी. रत्ना उभी राहिली. तिचं माझ्यापेक्षाही पाच किलो कमी! तिथंच घेरी यायची राहिली मला.

"बघा अक्का," म्हणाली, "तुमच्या प्रसादाचा गुण."

ती गेल्यावर मी नारळीभाताचं पातेलं इतकं घासलं की मेघा म्हणाली, यातच दोनशे कॅलरी गेल्या असतील.

मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं, प्रसादाचंसुद्धा. त्या सायकलचं पायडल मारायचं थांबल्या. म्हणाल्या, "आशा, प्रसादात साखर किती घातली हे देव बघत नाय गं. मन काय घातलं ते बघतो."

मी म्हणाले, "मी काय विष घालते का? साजूक तूप घालते."

तरी दुपारी जपाला बसले तर मन लागेना. देवासमोरून उठताना मात्र हात टेकला नाय. कळलंही नाय मला, उठून उभी राहिल्यावर ध्यानात आलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सत्यनारायण घातला. शिरा सव्वापट नाय, अडीचपट. रत्ना दुपारी झोपलेली होती. दार उघडायला लई वेळ लावला. "अक्का, अंगात त्राण नाय हो. पायाला मुंग्या येतात." मी मनात म्हटलं, नाटकं. लक्ष्म्या झेपायच्या नाय हे कबूल करायची वेळ आली की अशीच नाटकं सुचतात.

प्रसाद तिनं बसल्या जागेवर, डोळे मिटून खाल्ला. तरी खाल्ला.

आज चारही मजले न थांबता चढले.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी भाऊजींचा फोन आला. रत्ना उठत नाय. बोलते ती असंबद्ध. दवाखान्यात नेलंय.

आम्ही पोचलो तर ती आत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. साखर सहाशेच्या वर. म्हणाल्या, हा आजार आज झालेला नाय, कित्येक महिने अंगात असणार. तहान किती दिवस होती? भाऊजी माझ्याकडं वळले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मला सगळं ठाऊक होतं. मी सांगत गेले. करमाडला दोन तांबे पाणी. बांगड्या कोपरापर्यंत. भूक. सारखं बाथरूमला जाणं. मुंग्या. दुपारची झोप, पायाच्या मुंग्या. वजन, तेही किलोत.

डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "इतकं बारीक लक्ष ठेवणारं माणूस प्रत्येक घरात पाहिजे." मग विचारलं, "गोड जास्त खायच्या का?"

भाऊजी म्हणाले, "नाय हो. देवाचा प्रसाद, तेवढाच."

मी भिंतीकडं बघत होते. मी तिला जाड करायला निघाले होते. मारायला नाय.

मंगळवार, १९ ऑगस्ट

रत्ना शुद्धीवर आहे, बोलते. भाऊजींनी सगळ्यांसमोर माझे हात धरले. "वहिनी, तुम्ही रोज चार मजले चढून हिची विचारपूस करत होत्या. सख्खी बहीण करणार नाय." मला वाटलं जमीन फाटावी.

ते औषधं आणायला गेले. रत्ना छताकडं बघत म्हणाली, "अक्का, शिऱ्यात तूप किती घालायच्या हो?"

"देवाला लागतं तेवढं."

"देवाला का मला?"

मी तिच्या उशीची खोळ सरळ करायला लागले.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. पोळी उचलली तर तूप कोपरापर्यंत आलं. तुमच्या घरचं? जिथं तुपाचं भांडं विस्तवावर धरून निपटतात?"

"मग खात का होतीस?"

"प्रसादाला नाय कसं म्हणू? आणि दुसरं..." तिला दम लागला होता. "तुम्ही दारात उभ्या राहायच्या, तोंड लालबुंद, पदर भिजलेला, बोलता येत नसायचं. ते बघून माझा दिवस बरा जायचा. लिफ्ट एक दिवससुद्धा बंद नव्हती अक्का."

मला माहीत होतं हे मी सांगितलं नाय. थोडं काहीतरी आपल्याजवळ ठेवावं माणसानं.

ती हसायला लागली. मलाही आवरेना. सलाइनची नळी हलली तशी सिस्टर येऊन ओरडली, "हा काय बाजार आहे का?"

सिस्टर गेल्यावर रत्ना डोळे पुसत म्हणाली, "पण महालक्ष्म्या माझ्याकडंच बसणार."

"आधी आपल्या पायानं संडासला जा," मी म्हणाले.

घरी येऊन देवापुढं बसले. माफी मागायची होती. मागितली, पण अर्धीच. उरलेली अर्धी तिनं क्रेन म्हटल्याबद्दल राखून ठेवली.

मंगळवार, २६ ऑगस्ट

रत्ना घरी आली. दोन वेळ इंजेक्शन, मोजून खाणं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, अंगात ताकद आली की रोज भरभर चालायचं, त्याशिवाय साखर जळणार नाय. साखर एकदम उतरवल्यामुळं डोळ्यांना काही दिवस धूसर दिसेल, आत्ता चष्मा बदलायचा नाय.

मी भेटायला गेले, डब्यात मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. तिनं झाकण उघडून वास घेतला. "कोणत्या देवाचा प्रसाद म्हणायचा हा?"

भाऊजी म्हणाले, हिचं हे असं, यंदा महालक्ष्म्या वहिनींकडंच बसू द्या. माझ्या काळजात धस्स झालं, आनंदानं. पण रत्ना म्हणाली, "यंदा बसू द्या. पुढच्या वर्षीपासून कुठं, ते अक्का उठतात का बघून ठरवू. उपकार म्हणून लक्ष्मी द्यायची नाय कोणी कोणाला."

पहिल्यांदा वाटलं, ही बाई माझ्याच घराण्यातली आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या आल्या.

अंगण बायकांनी भरलं होतं. पिशोरची चुलतनणंदसुद्धा आली होती आणि मोबाइल हातात धरून होती. मी हिरवं नऊवारी नेसले. मेघा कानात म्हणाली, "आई, पाय पाटाजवळ ओढून घे, पुढं झुक आणि मग ऊठ. घाई नाय." तुळशीपाशी पाटावर बसले. ज्येष्ठेचा मुखवटा हातात घेतला.

रत्ना हळूहळू आली. बसून माझ्या पायांवर दूधपाणी घालायला लागली. अर्धं पाणी पाटावर गेलं. कुंकू अंगठ्याच्या बाजूला लागलं, मी पाय सरकवून बोटाखाली आणला. मग मेघानं तिला धरून उंबऱ्याशी नेलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं.

मी पाय ओढले, पुढं झुकले आणि उठले.

एकदाही हात खाली गेला नाय. मुखवटा कलला नाय. नथसुद्धा हलली नाय. कोणीतरी "गं बाई!" म्हणालं. हे दारात उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, का ते त्यांनाच माहीत. चुलतनणंद व्हिडिओ काढत होती. काढ म्हटलं, पाठव ग्रुपवर.

पण मला त्यातलं काहीच नको होतं. मला एक तोंड बघायचं होतं. दोन महिने मी त्या तोंडासाठी चालले, जिने चढले, भात सोडला, देवाला फसवलं. मी रत्नाकडं बघितलं.

ती पाटाकडंच बघत होती. म्हणाली, "अक्का, उठा ना आता. किती वेळ?"

चुलतनणंदेनं मोबाइल खाली घेतला.

"उठले गं," मी म्हणाले.

"कुठं? मला नुसतं हिरवं हिरवं दिसतंय."

मी मुखवटा छातीशी धरला आणि तिच्याजवळ गेले. अगदी समोर, तिच्या अंगाचा औषधाचा वास येईल एवढी जवळ. मेघानं पाट आणून ठेवला. मी बसले. रत्ना वाकून माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळे बारीक करून.

मी परत उठले. सरळ. तिच्या नाकासमोर.

"आता दिसलं?"

तिचे डोळे भरले होते का औषधानं पाणावले होते, देव जाणे. तिनं हात पुढं करून माझा दंड चाचपला, कोणी मागून धरलंय का ते बघायला. कोणी नव्हतं.

"दिसलं," ती म्हणाली. मग खालचा ओठ दाताखाली धरून, "पण पाय नाय दिसले नीट. परत एकदा."

आत आरतीला माणसं खोळंबली होती. उंबरा हातभरावर होता.

मी परत बसले.